अमेरिकेचं बारसं कोणी केलं?

एका जुन्या छापील नकाशासाठी कोणी एक कोटी डॉलर मोजेल का? अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने मोजले. जर्मनीतल्या एका सरदार घराण्याकडून तिने १५०७ सालचा नकाशा विकत घेतला. २००३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि एप्रिल २००७ मध्ये जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी तो समारंभपूर्वक अमेरिकेच्या हवाली केला. बारा कागद एकमेकांना जोडले की हा नकाशा पूर्ण होतो, साधारण साडेचार फूट उंच आणि आठ फूट रुंद. त्यात डाव्या बाजूला खाली, आजच्या ब्राझीलच्या आसपास, लॅटिन लिपीतली सात अक्षरं छापली आहेत : अमेरिका. हा शब्द असलेला यापेक्षा जुना नकाशा आजवर सापडलेला नाही. म्हणून याला 'अमेरिकेचा जन्मदाखला' म्हणतात.

जन्मदाखला हाती आला की बापाच्या नावावरून होणारी भांडणं मिटावीत अशी आपली अपेक्षा असते. इथे तसं झालं नाही. आमच्या टीममध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा एक सहकारी आहे. एकदा कॉलवर बाकीच्यांची वाट बघत असताना तो सहज म्हणाला, "अमेरिका हे नाव आमच्या गावच्या माणसावरून पडलंय, माहितीये?" पंधराव्या शतकातला ब्रिस्टलचा कस्टम अधिकारी रिचर्ड अमेरीक. मी त्या रात्री शोधायला बसलो, तर तिसरा दावेदारही भेटला : निकाराग्वातली अमेरिस्क नावाची डोंगररांग. म्हणजे एका खंडाच्या नावाला एक फ्लोरेन्सचा दर्यावर्दी, एक ब्रिस्टलचा सरकारी बाबू आणि एक डोंगर असे तिघे हक्कदार.

दाखला समोर असताना लोक दुसरा बाप का शोधतात, हा प्रश्न मला नावाच्या उगमाइतकाच रंजक वाटतो. पण आधी दाखल्यात काय आहे ते बघू.

डोंगरातलं गाव आणि दोन पंडित

फ्रान्सच्या पूर्वेला व्होज पर्वतरांगेत सॅं-दिए नावाचं छोटं गाव आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लोरेनच्या ड्यूकच्या, दुसऱ्या रेनेच्या राज्यात होतं. तिथल्या चर्चमधल्या वॉटरिन ल्यूद नावाच्या धर्माधिकाऱ्याने छापखाना काढला आणि त्याच्याभोवती विद्वानांचं एक मंडळ जमलं. त्यात मार्टिन वाल्डझेम्युलर हा नकाशाकार होता आणि मथियास रिंगमान हा भाषांचा, कवितेचा नाद असलेला तरुण पंडित. टॉलेमीच्या प्राचीन भूगोलग्रंथाची नवी, दुरुस्त आवृत्ती काढायची हा त्यांचा मूळ बेत होता.

मध्येच त्यांच्या हाती एक सनसनाटी पत्र आलं. अमेरिगो व्हेस्पुची नावाच्या फ्लोरेन्सच्या माणसाने अटलांटिकपलीकडे चार सफरी केल्या, असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी मूळ बेत बाजूला ठेवला. २५ एप्रिल १५०७ रोजी एक छोटं लॅटिन पुस्तक छापून झालं, 'कॉस्मोग्राफिए इंट्रोडक्टिओ', म्हणजे विश्ववर्णनाची तोंडओळख. त्यात व्हेस्पुचीचं पत्र लॅटिनमध्ये जोडलं आणि सोबत तो भिंतभर नकाशा काढला. नकाशाच्या माथ्यावर दोन चित्रं आहेत : जुन्या जगाच्या बाजूला टॉलेमी आणि नव्या जगाच्या बाजूला व्हेस्पुची.

नाव का दिलं, हेही पुस्तकात स्पष्ट सांगितलं आहे. युरोप आणि आशिया ही दोन्ही नावं स्त्रियांवरून आलेली आहेत. मग हा चौथा भाग ज्या हुशार माणसाने शोधला, त्या अमेरिगोवरून याला 'अमेरिगे', म्हणजे अमेरिगोची भूमी, किंवा 'अमेरिका' म्हणायला कोणी हरकत घेण्याचं कारण दिसत नाही, असा त्या मजकुराचा आशय. 'अमेरिगे'मधला 'गे' म्हणजे ग्रीक भाषेत पृथ्वी, जमीन. माणसाच्या नावातच जमीन दडलेली सापडली! ही शब्दकोटी बघूनच अनेक अभ्यासकांना हा परिच्छेद रिंगमानच्या लेखणीतला वाटतो. अमेरिगोचं लॅटिन रूप अमेरिकुस. इतर खंडांची नावं स्त्रीलिंगी, म्हणून अमेरिकुसची अमेरिका झाली.

आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. अमेरिकेच्या बारशात तो मान समुद्रापासून लांब राहणाऱ्या या पुस्तकी मंडळींनी घेतला. सॅं-दिए आजही स्वतःला अमेरिकेची 'मारेन', म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई, म्हणवून घेतं.

ज्याचं नाव लागलं तो माणूस

व्हेस्पुची हा मुळात व्यापारी. फ्लोरेन्सच्या मेडिची घराण्याचा माणूस म्हणून तो स्पेनमधल्या सेव्हिलला गेला आणि जानोत्तो बेरार्दी या व्यापाऱ्याबरोबर काम करू लागला. हा बेरार्दी कोलंबसच्या जहाजांना माल पुरवत असे. कोलंबस आणि व्हेस्पुची एकमेकांना चांगले ओळखत होते. कोलंबसने मरणाच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १५०५ मध्ये, आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात व्हेस्पुचीबद्दल चांगलंच लिहिलं आहे : माणूस सज्जन आहे, नशिबाने मात्र त्याला साथ दिली नाही.

व्हेस्पुचीच्या दोन सफरींबद्दल इतिहासकारांना फारशी शंका नाही. १४९९ मध्ये तो आलोन्सो दे ओहेदाच्या ताफ्यातून स्पेनसाठी गेला आणि १५०१ मध्ये पोर्तुगालसाठी. ही दुसरी सफर महत्त्वाची. त्यात एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतहून परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला होता. तिथे त्याने एका बहुभाषिक ज्यू माणसाला पकडलं. हा माणूस गोव्याच्या आदिलशाही सुभेदाराच्या चाकरीत होता. पोर्तुगीजांनी त्याला लिस्बनला नेलं, बाप्तिस्मा दिला आणि नाव ठेवलं गास्पार द गामा. १५०० मध्ये काब्रालच्या ताफ्यातून हा गास्पार आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला आणि तिथून कालिकतला गेला. १५०१ मध्ये काब्रालची जहाजं परतत होती आणि व्हेस्पुचीची निघाली होती. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, आजच्या डाकारजवळ, दोन्ही ताफे भेटले. व्हेस्पुचीने गास्पारकडून हिंदी महासागर, तिथली बंदरं आणि मसाले यांची माहिती काढून घेतली आणि ४ जून १५०१ च्या पत्रात फ्लोरेन्सला कळवली.

म्हणजे ज्या माणसाने खरा हिंदुस्थान पाहिला होता, त्याच्याकडून त्याचं वर्णन ऐकून व्हेस्पुची पुढे निघाला. मग तो ब्राझीलच्या किनाऱ्याने महिनोन्महिने दक्षिणेला जात राहिला. किनारा संपेना. मिरी नाही, आलं नाही, बंदरं नाहीत, ऐकलेल्या वर्णनाशी काहीच जुळत नाही. कोलंबस शेवटपर्यंत आपण आशियाच्या काठाला पोचलो असंच धरून बसला. व्हेस्पुचीच्या नावाने १५०३ च्या सुमारास छापल्या गेलेल्या 'मुंडुस नोवुस' या पत्रिकेने मात्र शीर्षकातच सांगून टाकलं : हे नवं जग आहे. प्राचीन पंडितांना याचा पत्ता नव्हता.

ही पत्रिका आजच्या भाषेत व्हायरल झाली. लहान, स्वस्त आणि नरभक्षकांच्या, नग्न स्त्री-पुरुषांच्या वर्णनांनी भरलेली. काही वर्षांतच लॅटिन, जर्मन आणि इतर भाषांमध्ये तिच्या डझनावारी आवृत्त्या निघाल्या. १५०५ मध्ये स्ट्रासबर्गला तिची एक आवृत्ती संपादित करणारा कोण? तोच आपला रिंगमान. नाव सॅं-दिएला कसं पोचलं याची वाट अशी पावलापावलाने कागदावर दिसते.

१४९७ची भानगड

मग वाद कुठे सुरू झाला? सॅं-दिएच्या मंडळींच्या हाती पडलेल्या त्या दुसऱ्या पत्रात. मूळ पत्र फ्लोरेन्सचा राज्यप्रमुख पिएरो सोदेरिनी याला उद्देशून होतं. लॅटिन भाषांतरात ते चक्क ड्यूक रेनेला उद्देशून असल्यासारखं छापलं. त्यात व्हेस्पुचीची पहिली सफर १४९७ ची दाखवली आहे. कोलंबस दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोचला ऑगस्ट १४९८ मध्ये. १४९७ खरं मानलं तर व्हेस्पुची त्याच्या आधी पोचला! पण त्या सफरीला दुसरा कुठलाच विश्वासार्ह आधार मिळत नाही.

स्पॅनिश धर्मगुरू आणि इतिहासकार बार्तोलोमे दे लास कासास याने सोळाव्या शतकातच व्हेस्पुचीवर ठपका ठेवला : याने कोलंबसचा मान चोरला. तेव्हापासून हा डाग त्याला चिकटला तो चिकटलाच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन विचारवंत इमर्सनने तर त्याला चोर आणि सेव्हिलचा लोणचंविक्या म्हणून हिणवलं. व्हेस्पुची जहाजांना शिधा पुरवायचा, त्यावरची ही कोटी.

पण दुसरी बाजूही आहे. अलेक्झांडर फॉन हुंबोल्टने १८३० च्या दशकात जुने ग्रंथ खणून दाखवून दिलं की नाव देण्यात व्हेस्पुचीचा काही हात नव्हता, ते सॅं-दिएच्या मंडळींचं काम. पुढे १९२० च्या दशकात इटालियन अभ्यासक आल्बेर्तो मान्यागी याने मांडलं की ही दोन्ही छापील पत्रंच बनावट आहेत. खऱ्या पत्रांमध्ये मीठमसाला घालून ती कोणीतरी दुसऱ्याने तयार केली. यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. व्हेस्पुचीने स्वतः थाप मारली की छापखानेवाल्यांनी त्याच्या नावावर खपवली, हा खटला चालूच आहे. स्पेनच्या दरबाराला मात्र तो लायक वाटत होता : १५०८ मध्ये त्याला राज्याचा मुख्य नाविक नेमलं, १५१२ मध्ये सेव्हिललाच तो वारला.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. आमच्या कामात कोडमधली एखादी ओळ कोणी, कधी लिहिली हे बघायला 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते. ती लिहिणाऱ्याचं नाव सांगते. ओळ बरोबर आहे का, लिहिणारा त्या कामाला लायक होता का, हे ती सांगत नाही. अमेरिकेच्या नावाबाबत पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ स्पष्ट आहे. दुसरा प्रश्न वादग्रस्त आहे. आणि दुसऱ्याचं उत्तर पटत नाही म्हणून लोक पहिल्याचं उत्तर बदलायला बघतात. बाकीचे दोन दावे याच घाईतून आले.

डोंगर आणि कस्टम अधिकारी

१८७५ मध्ये फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ ज्यूल मार्कू याने लेख लिहिला. थॉमस बेल्ट या इंग्रज निसर्गअभ्यासकाच्या १८७४ च्या पुस्तकात त्याला निकाराग्वातल्या डोंगरांचं नाव मिळालं होतं. मार्कूचा तर्क असा : १५०२ मध्ये कोलंबसचे खलाशी त्या किनाऱ्याला गेले, सोन्याची जागा म्हणून स्थानिकांकडून हे नाव ऐकलं, ते युरोपच्या बंदरांमध्ये तोंडोतोंडी पसरलं आणि व्हेस्पुचीने त्यावरून स्वतःचं नाव बदलून घेतलं.

गोष्ट छान आहे. कागद विरोधात आहेत. कोलंबसच्या त्या सफरीच्या पत्रात कारियाय, व्हेराग्वा अशी नावं येतात, हे येत नाही. आणि व्हेस्पुचीचं नाव तर फ्लोरेन्सच्या १४५४ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही अमेरिगोच आहे, त्याच्या आजोबांचंही तेच होतं. आजोबांचं नाव निकाराग्वाच्या डोंगरावरून ठेवलं, असं म्हणणं जरा जड जाईल.

ब्रिस्टलचा दावा १९०८ चा. आल्फ्रेड हड या स्थानिक इतिहासप्रेमीने तो मांडला. जॉन कॅबट १४९७ मध्ये ब्रिस्टलहूनच 'मॅथ्यू' जहाजातून उत्तर अमेरिकेला पोचला होता. राजा सातव्या हेन्रीने त्याला वर्षाला २० पौंड निवृत्तिवेतन लावून दिलं, ते ब्रिस्टलच्या कस्टममधून मिळायचं आणि तिथला एक अधिकारी होता रिचर्ड अमेरीक. इथपर्यंत सगळं खरं. पण कॅबटने कृतज्ञतेने या अधिकाऱ्याचं नाव नव्या भूमीला दिलं, याला पुरावा काय? हडने एका जुन्या बखरीकडे बोट दाखवलं. १४९७ च्या नोंदीत तिच्यात 'अमेरिका' हा शब्द होता म्हणे. ही बखर १८६० मध्ये आगीत जळाली. आणि मुळात ती १५६५ च्या सुमारास लिहिलेली, म्हणजे अमेरिका हे नाव युरोपभर रूढ झाल्यावर. आज आपण शिवकाळाबद्दल लिहिताना सहज 'महाराष्ट्र राज्य' म्हणून गेलो, तर शिवाजी महाराजांच्या काळी मंत्रालय होतं असं सिद्ध होत नाही. तसंच हे.

ब्रिस्टलवाल्यांचा आणखी एक मुद्दा असतो : भूभागाला पहिलं नाव राजेराण्यांचंच देतात, सामान्य माणसाचं आडनाव देतात. कोलंबिया बघा. मग व्हेस्पुचीवरून 'व्हेस्पुचिया' व्हायला हवं होतं. नियम म्हणून हे ठीक वाटतं. पण नाव देणाऱ्याने आपण पहिल्या नावावरून देतोय असं छापून ठेवलं असताना, त्याने कुठला नियम पाळायला हवा होता यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

राहतं ते उच्चारसाम्य. या सापळ्याची आपल्याला चांगली ओळख आहे. पु. ना. ओकांनी व्हॅटिकनची 'वाटिका' आणि ख्रिश्चॅनिटीची 'कृष्णनीती' केली होती. त्याच पठडीतली संस्कृत व्युत्पत्ती फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येत असते. कानावर विसंबण्यातला धोका दोन उदाहरणांत कळतो. आजच्या ग्रीकमध्ये पाण्याला 'नेरो' म्हणतात. आपलं 'नीर' आठवलं ना? पण ग्रीक शब्द 'ताजं' या अर्थाच्या विशेषणापासून आलाय, दोघांचं नातं नाही. उलट इंग्रजी 'व्हील' आणि आपलं 'चक्र' कानाला अजिबात सारखी वाटत नाहीत आणि ती मात्र एकाच मुळाची सख्खी भावंडं. शब्दाचं नातं ठरवायला तो कुठून, कोणाच्या हातून, कोणत्या वाटेने आला हे दाखवावं लागतं. अमेरिकेच्या तीन दावेदारांपैकी ही वाट फक्त एकाकडे आहे.

पुसायला गेले, पुसलं गेलं नाही

या गोष्टीतला मला सर्वात आवडणारा भाग पुढचा आहे. रिंगमान १५११ मध्ये वारला. १५१३ मध्ये टॉलेमीची ती रखडलेली आवृत्ती स्ट्रासबर्गला निघाली. त्यातल्या वाल्डझेम्युलरच्या नकाशात 'अमेरिका' नाही! त्या जागी 'अज्ञात भूमी' आहे आणि ही जमीन जिनोव्हाच्या कोलंबसने कॅस्टिलच्या राजासाठी शोधली अशी नोंद. १५१६ च्या त्याच्या मोठ्या सागरी नकाशातही अमेरिका नाही. तिथे 'ब्राझील किंवा पोपटांची भूमी' असं काहीसं आहे. ज्याने नाव छापलं त्यानेच ते मागे घेतलं.

उशीर झाला होता. १५०७ च्या नकाशाच्या हजार प्रती काढल्याचं वाल्डझेम्युलरनेच म्हटलं आहे. त्या पसरल्या, इतरांनी त्यावरून नकाशे केले. प्रोग्रॅमर मंडळींना हे दुःख नवीन नाही : तात्पुरतं म्हणून व्हेरिएबलला काहीतरी नाव देतात, आणि महिन्याभरात शंभर ठिकाणी बाकीचं कोड त्याच नावावर उभं राहतं. मग मूळ लिहिणाऱ्याचंही काही चालत नाही. १५३८ मध्ये मर्केटरने आपल्या जगाच्या नकाशात उत्तरेलाही तेच नाव लावलं, आणि एका किनाऱ्याचं नाव पूर्ण दोन खंडांवर पसरलं. गंमत म्हणजे ज्या स्पेनचं तिथे राज्य होतं तो पुढची दोनेक शतकं सरकारी कागदात 'इंडिज'च लिहीत राहिला. म्हणजे राजाच्या हुकुमाने हे नाव पडलं नाही. ते पडलं छापखान्यांमुळे. त्या हजार प्रतींपैकी एकच वाचली. १९०१ मध्ये जोसेफ फिशर या जेझुइट अभ्यासकाला ती जर्मनीतल्या वोल्फेगच्या किल्ल्यात सापडली. एक कोटी डॉलर लागले ते हिलाच.

मग हक्क कोणाचा?

'व्हेस्पुची लायक नव्हता' ही तक्रार मला समजते. पण त्याच्या जागी कोलंबस किंवा कॅबट बसवल्याने काय बदलतं? तिघेही बाहेरचे. ज्यांच्या घराला नाव दिलं जात होतं, त्यांना तिन्ही वेळा कोणी विचारलं नाही. अमेरिस्कची कथा इतकी टिकून आहे ती याचसाठी, असं मला वाटतं. खंडाचं नाव तिथल्याच मातीतून उगवलं असेल ही कल्पना सुखाची आहे, अन्यायाची थोडीतरी भरपाई करणारी. म्हणून ती मोडून काढताना मला ब्रिस्टलच्या वेळी आली तशी मजा येत नाही.

पण त्या अन्यायाला खोट्या व्युत्पत्तीचा आधार लागत नाही. पनामाच्या किनाऱ्यावरच्या गुना लोकांच्या भाषेत 'आब्या याला' असा शब्द आहे. पूर्णपणे पक्व झालेली भूमी, असा साधारण अर्थ. गेल्या काही दशकांत बोलिव्हियाच्या आयमारा नेत्यांपासून अनेक देशांतल्या मूळनिवासी संघटनांनी संपूर्ण खंडासाठी हा शब्द वापरायला सुरुवात केली आहे. उत्तरेला हौदेनोशौनी आणि इतर अनेक समाज आपल्या भूमीला 'कासवाचं बेट' म्हणतात, कारण त्यांच्या सृष्टिकथेत जमीन कासवाच्या पाठीवर उभी राहिली. या नावांना फ्लोरेन्सच्या कागदपत्रांशी झगडायची गरज नाही. ती आजही बोलली जातात, एवढं पुरेसं आहे.

अमेरिका हे नाव अमेरिगोवरून पडलं. डोंगरातल्या गावात, भाषेची हौस असलेल्या एका तरुणाने, बहुधा न झालेल्या सफरीच्या भरवशावर ते ठेवलं आणि त्याच्या जोडीदाराला ते परत घेता आलं नाही. यात कोणाचा न्याय झाला असं काही नाही. म्हणूनच तो दाखला जसा आहे तसा वाचायचा. हक्काचं भांडण असेल तर ते गुना आणि आयमारा लोकांसारखं उघडपणे भांडायचं, आपलं नाव मोठ्याने उच्चारून.